गजावरची खूण

ॲन आर्बर, ५ सप्टेंबर २००४

माझ्या लेकाला फोनवर सांगायला तुला एवढंच सापडलं? पावसाचं सांगायचंस, भाताचं सांगायचंस, तुझ्या गुडघ्यांचं रडगाणं गायचंस. ते सोडून सांगितलंस काय, तर "यतीन, तुझ्या आईच्या हाती बंदूक देऊ नकोस रे, तिनेच आमच्या बाबांचा हात उडवला." यतीनने फोन ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्याच्या ताटात माती कालवली.

मोठा भाऊ म्हणून नमस्कार लिहायची रीत आहे. तो लिहिला असं समज. शोभनावहिनीला मात्र खराखुरा नमस्कार सांग.

बंदूक कसली, कोणाची, हे तरी विचारायचंस. नाही विचारलंस, म्हणून मीच सांगते.

आमच्या कुंपणापलीकडे हार्लन नावाचा म्हातारा राहतो. मोटारींच्या कारखान्यात लेथवर जन्म घालवला, आता एकटा आहे. त्याच्या गॅरेजमध्ये गाडीला जागा नाही, कारण तिथे तो जुन्या धर्तीच्या लांब बंदुका घडवतो. एकेक बंदूक वर्ष वर्ष चालते. अडीचशे वर्षांपूर्वी इथले लोक वापरत तशीच, गारगोटीच्या ठिणगीने उडणारी. आपल्या घरची होती ना, आजोबांच्या वेळची, तिचीच उंच बहीण. गावात बाकीच्यांकडे टिकलीच्या टोपीवर उडणाऱ्या बंदुका आल्या तरी बाबांनी गारगोटी सोडली नव्हती, आठवतं?

गेल्या वर्षी मी मागे साबुदाण्याच्या पापड्या वाळत घालत होते. हा खिडकीशी बंदुकीची नळी उजेडाकडे धरून बघत होता. मी कुंपणातून आत गेले आणि हात पुढे केला. त्याला वाटलं, म्हातारी शेकहँड करतेय. मी बंदूक घेतली, घोडा अर्धा ओढला, दारूची वाटी उघडली, नळीच्या कानात, ठिणगी आत जाते त्या भोकात, काडी घालून बघितली. त्याने उचललेली कॉफी परत खाली ठेवली.

त्याला मराठी येत नाही, मला इंग्रजी येत नाही. मधे माझी सून मीनाक्षी. ती इथल्या विद्यापीठात उंदरांवर प्रयोग करते आणि घरी आल्यावर माझ्यावर.

हार्लनच्या मंडळातले लोक वर्षातून दोनदा मैदानात जमतात, जुन्या काळचे कपडे घालून नेम मारतात. त्या कपड्यांना मशीनची शिवण चालत नाही. मुंबईत चाळीत मी वीस वर्षं हाताने काजं केली, मला काय सांगतोस! मी त्याला आणि त्याच्या दोस्तांना तागाचे सदरे शिवून दिले. त्याने शिंपी घेतो तसं दोरीने माझ्या हाताचं माप घेतलं आणि माझ्यासाठी बंदूक घडवली. लाकडावर वाघासारखे पट्टे आहेत. दस्त्यात पितळेची डबी आहे, चिंध्या ठेवायला. उभी केली तर माझ्या कपाळाच्या वर जाते. वजनाला मात्र तान्ह्या पोरासारखी.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, त्यांचं नेमबाजीचं मैदान आहे. माझं नाव लागलंय. आणि तुझ्या एका फोनवर यतीन म्हणतो, "आई, बिलकुल नाही. विषय संपला."

विषय काही संपलेला नाही. त्याला फोन कर आणि सांग की बोलण्याच्या भरात जास्त बोललो. त्या दिवशी काय झालं ते तुलाही माहीत आहे, मलाही. त्यात मी शिरत नाही.

रत्ना


ॲन आर्बर, १० ऑक्टोबर २००४

ईमेल पोचली. तुझ्या सुनेने, प्रतिमाने टाइप केली, माझ्या लेकाने वाचून दाखवली, मी ओट्याशी उभी राहून ऐकली. भांडण तुझं नि माझं, आणि मधे दोन पोरं.

"घडलं तेच सांगितलं. त्या दसऱ्याला पहाटे तिने दोनदा ठासली. मी डोळ्यांनी पाहिलं."

मीनाक्षी भेंडी चिरत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मामांनी पाहिलं, तर तेव्हाच ओरडले का नाहीत? दिवसभर बंदूक तशीच भरलेली ठेवली आणि संध्याकाळी तुझ्या आजोबांच्या हातात दिली?"

यतीन म्हणाला, "मीनू, तू मधे पडू नकोस."

"मी भेंडी चिरतेय," ती म्हणाली.

एक्कावन्न वर्षांत मला हा प्रश्न सुचला नाही. चौथी शिकलेली बाई, सुचणार कुठून. पण तू तर सातवीची फायनल झालेला होतास. तूच उत्तर दे.

आता माझं ऐक. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, माझा नवरा गेला त्यालाही नाही. दादा, मला खात्री नाही.

मला आठवतं ते असं. भात पिकलं होतं, डुकरं उतरत होती, म्हणून बंदूक भरलेली असायची. पहाटे बाबांनी सांगितलं, मी भरली. एक माप दारू, वर काथ्याचा बोळा, वर छरे, परत बोळा. गज घालून ठासली. बाबांनी गजावर चाकूने खूण केली होती. भरलेल्या नळीत गज घातला की खूण बरोब्बर तोंडाशी यायची. ती आली. गज मी नळीखालच्या खोबणीत खोचला. संध्याकाळी अंगणात पाटावर बंदुकीची पूजा झाली. ती तू केलीस, मोठा मुलगा म्हणून. मग सोन्याला निघायच्या आधी बाबा बार काढायला उभे राहिले. चाप ओढला. वाटीतली दारू भपकन पेटली, बार काही झाला नाही. तेवढ्यात निरांजन विझलं, आई म्हणाली, आतून पेटवून आण. मी आत गेले. मग आवाज झाला.

बाहेर आले तर बाबा खाली बसलेले. नळी फाटलेली. डाव्या हाताची तीन बोटं नव्हती. गज पायरीवर पडला होता, कोणी घसरेल म्हणून मी तो उचलून खांबाला टेकवला. तर आवाज ऐकून धावत आलेली काकी म्हणाली, बघा, अजून हिचा हात त्या सामानातच!

तू म्हणालास, रत्नाने दोनदा ठासली. पुढच्या वैशाखात माझं लग्न लावून दिलंत, मुंबईला, बापाला विचारल्याशिवाय न शिंकणाऱ्या माणसाशी. बाबा मला कधी शब्दाने बोलले नाहीत. बंदूक मात्र त्यांनी पुन्हा दाखवलीसुद्धा नाही.

चौदा वर्षांच्या पोरीला सगळं घर सांगत राहिलं की तू दोनदा भरलीस, तर काही वर्षांनी तिला ती दुसरी वेळ दिसायला लागते. मला दिसते. दारूचं शिंग वाकडं केलेलं दिसतं, दारू पडताना दिसते. खरी की तुम्ही शिकवलेली, देव जाणे.

म्हणून मला त्या शनिवारी जायचं आहे. बक्षिसाला नाही. मला माझे हात बघायचे आहेत. दहा माणसांच्या गलक्यात मी मोजून भरू शकते की नाही, एवढंच. एक चूक झाली तर तू खरा. बंदूक हार्लनला परत देईन आणि यतीनला सांगेन की मामाचं ऐक.

यतीनची परवानगी नाही. पण शनिवारी त्याला पोराला, ईशानला, सॉकरला न्यायचं आहे, आणि दुसरी गाडी मीनाक्षीकडे असते.

रत्ना


ॲन आर्बर, २४ ऑक्टोबर २००४, रविवार

कुऱ्हाडीच्या धारेवर बसली गोळी! दोन तुकडे झाले, दोन्ही बाजूंच्या मातीच्या चकत्या फुटल्या. बावीस जणांत एकटीच्या. हे आधी लिहून टाकलं, आता शाई संपली तरी चालेल.

आता पहिल्यापासून ऐक. बसून ऐक, गुडघे दुखतात म्हणतोस ना.

शुक्रवारी दसरा होता. बंदूक हार्लनकडून आणली आणि देवापुढे ठेवली. शस्त्र घरात आहे आणि दसऱ्याला तसंच ठेवायचं, हे काही मला जमेना. हळदकुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या, झेंडूची फुलं इथे मिळतात ती वाहिली. आणि तिळाचं तेल लावलं. चांगलं हात भरून लावलं, लाकडाला, नळीला, घोड्याला. आपल्याकडे लावायचो तसंच. पट्टे काय चमकायला लागले म्हणून सांगू! मीनाक्षीने आरती म्हटली, अर्धी आठवेना तिथे गुणगुणली.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. मैदान तासाभरावर, झाडं पिवळी तांबडी झालेली, थंडी अशी की नाकाचं पाणी नाकातच. तिथे सगळे चामड्याचे कोट, तिकोनी टोप्या घालून. मी नऊवारी नेसले होते, वरून यतीनचा जुना लोकरीचा स्वेटर. तो काढून ठेवला. दारात एक जाडा परीक्षक. त्याने मला वरून खाली पाहिलं आणि म्हणाला, १८४० च्या आधीचा वेष पाहिजे, हा चालणार नाही.

मी मीनाक्षीला म्हटलं, "सांग त्याला, माझ्या पणजीची पणजी असंच नेसायची. तेव्हा ह्याच्या देशाला अजून नावसुद्धा नव्हतं."

मीनाक्षीने ते जरा गोड करून सांगितलं असणार, कारण तो हसला. मग त्याने वाकून शिवण शोधली. लुगड्याला शिवण कुठली सापडणार? सोडलंन.

सुरुवातीचे बार कागदावर होते, पाच, ठरलेल्या वेळात. माझी पाळी आली. मी मोजून माप भरलं. चिंधीत गोळी गुंडाळली, गजाने खाली दाबली. ह्या गजावर हार्लनने दोन खुणा केल्यात, एक रिकाम्याची, एक भरलेल्याची. भरलेल्याची तोंडाशी आली. वाटीत चिमूटभर दारू घातली. नेम धरला, चाप ओढला.

वाटीत भपकन पेटलं. बार नाही.

दादा, तो भपका आणि तो वास. हात माझे तसेच राहिले. नळी समोर धरून साठ आकडे मोजायचे असतात, आत ठिणगी रेंगाळत असली तर म्हणून. मी मोजत होते आणि मागून आवाज आला, "आई! ठेव ती खाली! ठेव म्हणतो ना!"

यतीन. ईशानचं सॉकर थंडीने कॅन्सल झालं, आणि ओट्यावर मैदानाचा कागद राहिला होता. पोराला काखेत मारून गाडी दामटत आला होता. दोरीच्या मागे उभा राहून सगळ्यांदेखत ओरडत होता. ईशान म्हणत होता, "डॅडी, लेट हर!" तेवढ्यात माझ्या शेजारचा दाढीवाला, चांगला माणूस आहे, मदतीला आला. स्वतःचं दारूचं शिंग पुढे केलंन आणि म्हणाला, "एम्टी, एम्टी." एवढं इंग्रजी मला येतं. रिकामी आहे, दारू घालायला विसरलीस, पुन्हा भर.

मागे लेक ओरडतोय, पुढे शिंग आलंय, घड्याळ पळतंय. आणि खरं सांगते, मला वाटलं, असेल रिकामी. विसरले असेन. माझे हातच तसले.

त्याचं शिंग मी बाजूला सारलं. वाटी उघडून पुसली. गज घेतला आणि नळीत सोडला.

रिकाम्या नळीत गज पडला तर खणकन वाजतो. हा ठप्प वाजला. खूण बघितली. भरलेल्याची खूण, बरोब्बर तोंडाशी, केसभर वर नाही, केसभर खाली नाही.

एकदाच भरली होती. बरोबर भरली होती. पेटत नव्हती, कारण दसऱ्याला मी तिला तेलाने न्हाऊ घातलं होतं, आणि तेल ओघळून कानातून आत गेलं होतं!

आणि मी तशीच उभी राहिले, गज नळीत, हात गजावर. मला आपल्या घरची पायरी दिसली. पायरीवर पडलेला गज दिसला.

दादा, गज पायरीवर कसा आला?

पहाटे भरून मी तो नळीखाली खोचला होता. बाबांच्या पहिल्या चापाच्या वेळी तो तिथेच होता. मी निरांजन घेऊन आत गेले. बाहेर आले तर तो पायरीवर, आणि त्याच्या टोकाला तेलाने ओला झालेला काथ्या. तो मी बोटांनी काढून टाकला होता. नळी फाटली तेव्हा गज खालीच खोचलेला असता तर त्याचेही तुकडे झाले असते. कोणीतरी तो मधल्या वेळात बाहेर काढला होता. कोणीतरी म्हणालं होतं, रिकामी आहे. आणि खूण न बघता वर दुसरी दारू घातली होती. अंगणात तुम्ही तिघंच होतात. बाबांच्या दोन्ही हातांत बंदूक होती. आईने जन्मात शिंगाला हात लावला नाही.

एक्कावन्न वर्षं मी दारूचाच विचार केला, एकदा की दोनदा. गजाचा विचार केलाच नाही.

यतीन दोरी ओलांडून आला होता. परीक्षक त्याला अडवत होता. मी म्हटलं, "येऊ दे. यतीन, इथे ये आणि ही खूण बघ. मोठ्याने सांग, कोणती आहे."

तो वाकला. त्याचे ओठ निळे पडले होते. म्हणाला, "भरलेल्याची."

"किती वेळा भरलेली?"

"एकदा."

"मग आता मागे हो आणि पोराच्या कानांवर हात ठेव."

गज काढला. गळ्यात अडकवलेल्या तारेने कान टोकरला, तेलकट काळा चिखल बाहेर आला. पदराने पुसलं. बारीक दारूचे चार दाणे कानातून आत ढकलले, वाटीत नवी घातली. नेम धरला. ह्या वेळी अशी कडाडली की झाडावरचे कावळे उठले. परीक्षकाने दुर्बिणीतून बघितलं आणि बोट वर केलं. मधल्या काळ्या ठिपक्यात!

त्या गडबडीत एक बार वाया गेला, वेळेत चारच झाले. कागदावर मी सातवी आले. पण कुऱ्हाडीचा खेळ शेवटी असतो. ओंडक्यात कुऱ्हाड रोवतात, धार तुमच्याकडे, दोन बाजूंना चकत्या. गोळी धारेवर बसली तरच चिरते आणि दोन्ही फुटतात. एकाला एकच बार. तो तुला वर लिहिलाच आहे. हवा तर पुन्हा वाच.

इथे बक्षीस वाटत नाहीत. येताना प्रत्येकाने एकेक वस्तू घोंगडीवर मांडायची, जिंकणारा पहिला उचलतो. चाकू होते, चामड्याची पिशवी होती, अस्वलाचं कातडंसुद्धा होतं. मी लोखंडी तवा उचलला. जाड, काळा, जुना. सगळे ओरडले, शिट्ट्या वाजवल्या. हार्लन ओरडला नाही. तो माझ्या बंदुकीला नाक लावून वास घेत होता. मीनाक्षीला त्याने विचारलं, हे तेल कोणी घातलं? ती म्हणाली, देवाने. तो म्हणाला, देवाला सांग, पुढच्या वर्षी फक्त लाकडाला.

येताना मी यतीनच्या गाडीत बसले. तवा त्याने स्वतः उचलून आणला. मग म्हणाला, "आई, मग मामा खोटं बोलला?"

मी म्हटलं, "पूजेत बंदुकीला तेल त्याने घातलं, ते काही पाप नाही. मीही घातलं, पासष्टाव्या वर्षी, शहाणी होऊन. रिकामी समजून पुन्हा भरली, तीही चूकच. आज माझीही होत होती."

"मी ते विचारत नाहीये," तो म्हणाला.

त्याला मी पुढे काही सांगितलं नाही. तुला सांगते. तू अठरा वर्षांचा होतास, समोर बाबांचा हात तसा. घाबरलास, जे जवळ दिसलं त्यावर ढकललंस. एका संध्याकाळचं घाबरणं मी कोणालाही माफ करेन. पण बाबा त्यानंतर बावीस वर्षं जगले. उजव्या हाताने नांगर धरत होते, तू रोज बघत होतास. त्यातली एकही संध्याकाळ तुला पुरली नाही? बाबा माझ्याकडे बघायचे ते मनात तेच धरून बघायचे, आणि तसेच गेले. ते आता कोणी पुसू शकत नाही. मी त्यावर रडणारही नाही, वेळ नाही, एप्रिलमध्ये पुढचं मैदान आहे.

माझे हात चांगले आहेत. तेव्हाही चांगले होते. हे मला आता तुझ्याकडून ऐकायची गरज नाही, मी खुणेवर वाचलं.

यतीनला मात्र गरज आहे. त्याच्या कानात तू घातलंस, बाहेर तूच काढायचंस. तेव्हा मला उत्तर लिहू नकोस, मी वाचणार नाही. यतीनला लिही. प्रतिमाला टाइप करायला लावायचं नाही, शोभनावहिनीला मजकूर विचारायचा नाही. स्वतःच्या हाताने, शाईने, मोठ्या अक्षरात लिही, कारण त्याचं मराठी वाचन आता अडखळतं. गज कोणी काढला, तेवढं एक वाक्य आधी लिही.

रत्ना